सातबारा एकाच्या नावावर, वहिवाट दुसऱ्याची: व्हेरिएबल ताऱ्यांच्या चुकलेल्या जागा

हरिपूर संगम:
नमस्कार मंडळी. लिहायला बरंच आहे त्यामुळं लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षीच्या मार्चपासून एका ताऱ्याच्या मागं लागलोय. तारा एनएसव्ही यादीतला, म्हणजे मॉस्कोच्या मंडळींनी १९८२ साली संशयित व्हेरिएबलची, म्हणजे उजेड कमीजास्त होत असावा अशा ताऱ्यांची, जी यादी छापली त्यातला. त्या यादीत चौदा हजारांवर तारे आहेत आणि "हा बदलतो असं कुणीतरी कधीतरी सांगितलंय, पक्कं झालेलं नाही" एवढाच त्या यादीत असण्याचा अर्थ. नंबर आत्ता देत नाही, आधी खात्री होऊ दे. जागा धनू राशीत, ट्रिफिड तेजोमेघाच्या साधारण अडीच अंश उत्तरेला, विषुवांश (आकाशातला रेखांश, तासांत मोजतात) १८ तासांना अगदी लागून. नोंदीत एवढंच की सगळ्यात उजळ असताना १३ वी प्रत (आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद), मंद झाला की १६ च्याही खाली, आणि बहुतेक लाल असावा.

आता सांगलीतून मार्चमध्ये पहाटे धनू बघायचा म्हणजे अवघड काम, ऊसतोड संपत आलेली असते, फडात पाचट पेटवलेलं असतं, तो धूर आणि वर शहराचा उजेड. म्हणून जतच्या पुढं मित्राचं डाळिंबाचं रान आहे तिथं जातो. सीस्टार आहे माझ्याकडं, आपोआप फोटो काढणारा दुर्बीण-कॅमेरा, ५० मिलिमीटरचा, छोटा आहे पण अर्धा-पाऊण तास फोटो साठवत ठेवले की सोळाव्या प्रतीपर्यंत पोचतो. गेल्या वर्षी मार्च ते मे आणि यंदा फेब्रुवारीपासून, मिळून १९ रात्री झाल्या.

आणि सांगितलेल्या जागेवर काय आहे? साडेचौदा प्रतीचा पांढरा तारा. जसाच्या तसा. १९ च्या १९ रात्री. मग घरी बसून ॲलॅडिन या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पालोमार वेधशाळेच्या जुन्या काचा, म्हणजे काचेच्या प्लेटवरचे फोटो, उघडल्या, १९५० च्या दशकातल्या, निळी पण आणि तांबडी पण, तिथंही तोच पांढरा तारा तसाच बसलेला. गाया या ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या उपग्रहाच्या तिसऱ्या डेटात बघितलं, तिथंही तो बदलत असल्याची नोंद नाही.

मला दोनच गोष्टी दिसतात. एकतर मूळ शोधच खोटा होता, काचेवरचा डाग वगैरे. नाहीतर तारा खरा आहे पण जागा चुकलीये. दीड कलेवर एक तांबूस तारा आहे आणि गाया त्याला व्हेरिएबल म्हणतंय, बदल थोडाच आहे, अर्ध्या प्रतीच्या आत. तोच असेल का? असल्या केसमध्ये तुम्ही कसं जाता ते ऐकायचंय.

दंडोबा:
छान विषय काढलास. १९ रात्री एका ताऱ्यासाठी, याबद्दल आधी शाबासकी.

आता ऐक, घाई करू नकोस. सगळ्यात जवळचा व्हेरिएबल तोच आपला, हा मोह सगळ्यांना होतो आणि त्यातनंच एका चुकीच्या दोन चुका होतात. तुझा तारा आहे आकाशगंगेच्या ऐन गर्दीत, तिथं कुठंही बोट ठेवलंस तरी दोन-तीन कलांत एखादा बदलणारा तारा सापडणारच. गायाच्या तिसऱ्या डेटात कोटभर बदलणाऱ्या ताऱ्यांची नोंद आहे. जवळ असणं हा पुरावा होत नाही तिथं.

आधी हे समजून घे की जुन्या जागा ढोबळ का असायच्या. शोधणारा माणूस दोन काचा आलटून पालटून बघायचा, एखादा ठिपका लुकलुकला की त्याची जागा आजूबाजूच्या ओळखीच्या ताऱ्यांवरून, बहुतेक वेळा जर्मनीतल्या बॉनला केलेल्या जुन्या तारानकाशावरून, अंदाजानं काढायचा. जर्मनीत झोनेबर्गला कूनो होफमाइस्टरनं असे दहा हजारांच्या घरात व्हेरिएबल शोधले, एवढ्या संख्येत प्रत्येकाची जागा मायक्रोमीटरनं कोण मोजत बसणार. जागा लिहायची ती परत शोधता यावा म्हणून. पुढं १९४६ नंतर नावं द्यायचं आणि यादी ठेवायचं काम मॉस्कोकडं आलं, १९४८ ला जीसीव्हीएसची, म्हणजे व्हेरिएबलच्या मुख्य यादीची, पहिली आवृत्ती निघाली, त्यात अशा शेकडो ठिकाणांहून आलेल्या जागा एकत्र झाल्या. चौथ्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे १९८० च्या दशकातसुद्धा, छापलेली जागा विषुवांशात एका सेकंदापर्यंत आणि क्रांतीत (आकाशातल्या अक्षांशात) दशांश कलेपर्यंतच असायची. एक सेकंद म्हणजे विषुववृत्तावर १५ विकला. धनूच्या गर्दीत १५ विकलांत पाच तारे मावतात.

पण तुझी केस नुसत्या ढोबळपणाची नाही वाटत, कारण आसपास अर्ध्या कलेत लायक उमेदवारच नाही. म्हणजे कुठंतरी खरी चूक आहे. आणि खऱ्या चुकीला आकार असतो. अंदाजाची चूक कशीही, कुठल्याही दिशेला पडते. आकडा उतरवताना झालेली चूक मात्र गोल असते, बरोबर १ कला, बरोबर १० कला, बरोबर १ अंश, नाहीतर विषुवांशात बरोबर १ मिनिट. क्रांतीची उणे खूण विसरली तर तारा विषुववृत्ताच्या पलीकडं तेवढ्याच अंतरावर जातो. सालाची चूक झाली, म्हणजे १९०० ची जागा १९५० ची समजून घेतली, तर तारा संपातचलनाच्या दिशेनं आणि तेवढ्याच मापानं सरकलेला मिळतो. आधी विचार कर की कुठली चूक घडू शकते, मग त्या त्या जागी जाऊन बघ.

गटनंबर:
मी मोजणी खात्यात नोकरी केली, विट्याकडं, आता निवृत्त. ताऱ्यातलं मला फारसं कळत नाही, नातवामुळं हे वाचायला लागलो, पण दंडोबांनी जे सांगितलं ते वाचून अंगावर काटा आला कारण हे आमचंच काम आहे की.

सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि जागेवर वहिवाट दुसऱ्याची, असली भांडणं आयुष्यभर बघितली. नवीन पोरगा आला की काय करतो, जागेवर जो कसतोय त्याचं नाव लावून मोकळा होतो. तसं नाही करायचं. आधी मागचे फेरफार काढायचे, एक एक मागं जात जात मूळ नोंदीपर्यंत. बहुतेक वेळा सापडतं की मधल्या कुठल्यातरी फेरफारात तलाठ्यानं गट नंबर उतरवताना २ चा ३ केला, ३१२ चं ३१३ झालं, आणि पुढच्या तीस वर्षांच्या सगळ्या नोंदी त्या एका अक्षरावर उभ्या राहिल्या. वाईट हेतू कुणाचा नसतो. हातानं उतरवायचं म्हटल्यावर होतं.

तुमच्याकडं मूळ फेरफार कुठं मिळतो? ताऱ्याचा पहिला कागद?

हरिपूर संगम:
@गटनंबर काका, अगदी नेमकं विचारलंत. मूळ कागद १९३० च्या दशकातल्या जर्मन नियतकालिकातला आहे, एडीएस या खगोलशास्त्रीय लेखांच्या संकेतस्थळावर जुन्या अंकांचे स्कॅन फुकट आहेत. काढलाय. पण जर्मन, आणि छपाईही जुनी, मला काही उमगत नाही.

पसरणी घाट:
मी वाईची, बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. दोन शंका आहेत. कला आणि विकला म्हणजे मिनिट आणि सेकंदच ना? आणि संपातचलनानं तारा सरकतो म्हणजे तारा सरकतो की आपण?

गणेशदुर्ग:
@पसरणी घाट, अगदी बरोबर, अंशाच्या साठाव्या भागाला कला, कलेच्या साठाव्याला विकला. आपल्या सिद्धांतग्रंथांतले शब्द आहेत हे, आणि यांचा फायदा असा की विषुवांशातल्या वेळेच्या मिनिट-सेकंदाशी गोंधळ होत नाही, जो इंग्रजीत नवशिक्यांचा कायम होतो.

सरकतं ते मोजायचं दावं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळं जिथून मोजायला सुरवात करतो तो वसंतसंपातच वर्षाला साधारण ५०.३ विकला मागं जातो. शून्यच हलला की सगळ्या ताऱ्यांचे आकडे बदलतात. म्हणून जागा सांगताना कुठल्या सालची ते सांगावंच लागतं, १८५५, १८७५, १९००, १९५०, २०००.

आणि हा विषय आपल्या गावाला नवा नाही. सायन-निरयन, अयनांश किती धरायचे, रेवती नक्षत्राचा योगतारा आरंभ मानायचा की चित्रेसमोरचा बिंदू, यावर १९२० साली सांगलीतच ज्योतिष संमेलन भरलं होतं. टिळक पंचांग रेवतीचा झीटा पिशियम तारा धरून चालतं आणि बाकीची पंचांगं चित्रापक्षाची, म्हणून दोघांच्या अयनांशात आजही चारेक अंशांचा फरक दिसतो. म्हणजे ग्रह तेच, आकाश तेच, पण शून्य कुठं ठेवलं हे न सांगता नुसता आकडा दिला तर माणूस चार अंश चुकीच्या जागी जाऊन उभा राहील. तुमच्या यादीतली सालाची चूक म्हणजे तीच गोष्ट.

आता तुमच्या ताऱ्यापुरता हिशोब. तो १८ तासांजवळ आहे. तिथं क्रांती संपातचलनानं जवळजवळ हलत नाही, १८५५ ते २००० या १४५ वर्षांत एका कलेपेक्षाही कमी. सगळी सरक विषुवांशात, पन्नास वर्षांत तीन मिनिटांच्या आसपास, म्हणजे आकाशात ४२ कला, पूर्वेकडं. तेव्हा सालाचा घोळ झाला असेल तर तारा पूर्वेला नाहीतर पश्चिमेला मिळेल. उत्तर-दक्षिण फरक निघाला तर संपातचलन निर्दोष.

यवतेश्वर:
हे जुन्या काचांपुरतंच नाही, आजही होतंय, म्हणून माझं एक सांगतो.

साताऱ्यात कास रोडला वर गेलं की अजून बरं आकाश मिळतं, मी तिथं आठ इंची न्यूटोनियन दुर्बीण लावतो. दोन वर्षांपूर्वी टेस या उपग्रहाच्या डेटात एका दहाव्या प्रतीच्या ताऱ्याला ग्रहणं लागताना दिसली, दर वेळी बरोबर ३ टक्के घट, यादीत तो तारा ग्रहणकारी जोडी (एकमेकांना झाकणारे दोन तारे) म्हणून नोंदवलेला. पण टेसचा एक पिक्सेल २१ विकलांचा असतो! त्या एका चौकोनात शेजारपाजारचे सगळे तारे एकत्र मोजले जातात. आणि या ताऱ्याला १२ विकलांवर एक शेजारी आहे, तीन प्रतींनी मंद.

मी गणित मांडलं. तीन प्रतींनी मंद म्हणजे उजेड सोळाव्या हिश्श्याच्या आसपास. समजा ग्रहण त्या मंद शेजाऱ्यालाच लागतंय आणि तो अर्धा होतोय, तर दोघांच्या एकत्र उजेडात घट किती? तीनच टक्के! मग वेळ काढून त्या रात्री दोघांना वेगवेगळं मोजलं, माझ्या फोटोत ते सुटे दिसतात. मोठा तारा तसूभर हलला नाही आणि शेजारी पाऊण प्रत खाली गेला. म्हणजे वर्षानुवर्षं ग्रहण एकाला आणि नाव दुसऱ्याचं. ते पडद्यावर उतरताना बघितलं तेव्हा थंडीत हात कापत होते पण उठवेना.

म्हणून नुसतं "सर्व्हेत आलंय" एवढ्यावर जाऊ नका. असास-एसएन या आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या सर्व्हेचा पिक्सेल ८ विकलांचा, तिथंही हेच. झेडटीएफ या दुसऱ्या सर्व्हेचा एका विकलेचा, तिथं बरंच सुटतं. गर्दीच्या भागात कुठल्या कॅमेऱ्यानं बघितलंय हे पहिलं विचारायचं.

हरिपूर संगम:
अपडेट देतो. दीड कलेवरचा जो तांबूस तारा होता त्याचा असास-एसएनचा आलेख काढला. बदल ०.४ प्रतीचा. म्हणजे १३ ते १६ च्या खाली हे जमत नाही, पण जुन्या काचा निळ्या प्रकाशाच्या, लाल तारे निळ्यात जास्त बदलतात, त्यामुळं शक्य आहे असं मला वाटतं. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, त्याचा काळ, म्हणजे एकदा उजळल्यापासून परत उजळेपर्यंतची फेरी, २६० दिवसांच्या आसपास येतोय, आणि जर्मन लेखात ज्या तारखांना तारा उजळ दिसला म्हणून दिलंय (तारखा तेवढ्या वाचता आल्या) तिथंपर्यंत मागं मोजत गेलो तर उजळ होण्याची वेळ जवळजवळ जुळते, दहा-बारा दिवसांचा फरक. हाच असणार ना मग?

दंडोबा:
नाही रे. दोन्ही मुद्दे टिकत नाहीत.

पहिला, निळ्यात जास्त बदलतो हे खरं, पण ०.४ चा ३ प्रतींच्या वर होत नाही. तीन प्रतींहून जास्त बदलणारा लाल तारा म्हणजे मायरा जातीचाच (शेकडो दिवसांच्या फेरीत खूप खालीवर होणारा) असायला पाहिजे, आणि मायरा असेल तर तो असास-एसएनमध्येही ढळढळीत खालीवर जाताना दिसेल.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण यात भलेभले फसतात. तू नव्वद वर्षं मागं गेलास. २६० दिवसांनी भागलं तर १२६ फेऱ्या. तुझ्या काळात नुसती अर्ध्या दिवसाची चूक असेल तरी मागं पोचेपर्यंत ६३ दिवसांचा फरक पडतो. एका दिवसाची असेल तर १२६ दिवस, म्हणजे जवळजवळ अर्धी फेरी, उजळच्या जागी मंद. आणि चार-पाच वर्षांच्या आलेखावरून असल्या ताऱ्याचा काळ अर्ध्या दिवसापर्यंत कुणालाच सांगता येत नाही, शिवाय हे तारे घड्याळ लावून चालत नाहीत, काळ स्वतःच थोडा इकडंतिकडं होतो. मग तुझं दहा-बारा दिवसांत जुळलं हा योगायोग. थोडा काळ बदलून कुठलीही तारीख जुळवता येईल.

त्या काळातलाच उजेड हवा तुला, आजचा मागं ओढलेला नको. हार्वर्ड वेधशाळेच्या काचा डॅश नावाच्या प्रकल्पात स्कॅन झाल्यात, १८८० च्या दशकापासूनच्या. त्यातून दोन्ही जागांचे जुने आलेख काढ. आणि तो जर्मन कागद कुणाकडून तरी वाचून घे आधी.

मिरजेची सतार:
कागद मी वाचते, लिंक व्यक्तिगत निरोपात पाठवा. जर्मन शिकवते मी.

मिरजेची सतार:
वाचला. अर्ध्या पानाचा आहे, एकूण ११ नवे तारे दिलेत, तुमचा सातवा. भाषा एकदम कोरडी, पण काम स्वच्छ आहे. जागा १८५५ सालच्या दिल्यात, म्हणजे बॉनच्या नकाशाचं साल, तेव्हा जर्मन लोक तसंच देत असत असं दिसतं. त्यांनी पुढं लिहिलंय की तारा सहा काचांवर दिसतो आणि बाकीच्यांवर नाही, आणि "लगेच पश्चिमेला दोन सारखे मंद तारे आहेत, त्यांच्याशी एका रेषेत".

आता मुख्य. क्रांती मी तीनदा बघितली, भिंग लावून पण बघितली, कारण हरिपूर यांनी वर यादीतली जागा सांगितली नव्हती म्हणून मी त्यांना निरोपात विचारलं. यादीत उणे २० अंश ३४ कला आहे ना? या कागदावर उणे २० अंश २४ आहे. चोवीस. २ स्पष्ट आहे, शेजारच्या ओळीतल्या ३ शी लावून बघितला, वेगळा आहे.

गटनंबर:
२ चा ३. बघा मी म्हटलं नव्हतं का.

हरिपूर संगम:
ताई तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

रात्री पावणेदोनला हे लिहितोय. १८५५ वरून २००० वर जागा आणली, बरोबर १० कला उत्तरेला. गणेशदुर्ग साहेबांचा हिशोब इथं कामी आला, १८ तासांजवळ क्रांती हलत नाही म्हणून २४ चा ३४ हा फरक इतक्या वर्षांच्या रूपांतरांतूनही तसाच गोल राहिला, दुसरीकडं असता तर आकडे बदलून गेले असते आणि वाचून लक्षातही आलं नसतं.

तिथं एक तारा आहे. काढलेल्या जागेपासून ८ विकलांवर. टूमास या सर्व्हेच्या इन्फ्रारेड फोटोत भगभगीत, आजूबाजूला सगळ्यात उजळ. पालोमारच्या तांबड्या काचेवर ठळक, निळ्या काचेवर शोधून पण नाही. पश्चिमेला दोन मंद तारे, एका रेषेत. असास-एसएनमध्ये तो आधीच मायरा म्हणून नोंदलेला आहे, त्यांच्या स्वतःच्या नंबरानं, काळ ३१० दिवसांच्या आसपास. म्हणजे एकाच ताऱ्याच्या दोन नोंदी, एक जुनं नाव रिकाम्या जागेवर आणि एक नवं नाव खऱ्या जागेवर, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

दंडोबा काका, तुम्ही सांगितलेलं पण केलं. डॅशमध्ये छापील जागेवर पांढरा तारा सरळ रेषेत. उत्तरेच्या जागेवर थोड्याच काचांवर ठिपका, पण जर्मन कागदातल्या सहापैकी दोन तारखांच्या आठवड्यातल्या काचा हार्वर्डकडं आहेत, आणि दोन्हींवर तो तेराव्या प्रतीच्या आसपास बसलाय. त्यानंतर चार महिन्यांनी घेतलेल्या काचेवर नाही.

आणि हे सगळ्यात जास्त लागलं मनाला, सीस्टारचा फोटो एका बाजूनं सव्वा अंशाचा, दुसऱ्या बाजूनं पाऊण अंशाच्या आत. १० कला म्हणजे त्यात सहज मावतात. माझ्या १९ च्या १९ फोटोंत तो तारा होता. आत्ता सगळे परत उघडून मोजले, गेल्या मार्चमध्ये उजळ होता आणि मेपर्यंत दीड प्रत उतरला होता. मी सगळा वेळ मधल्या पांढऱ्या ताऱ्याकडं बघत होतो.

दंडोबा:
आता झालं. कागद, त्या काळातला उजेड, शेजारच्या दोन ताऱ्यांची खूण, आणि चूक कशी झाली याचं कारण, चारही एकाच जागी बोट दाखवतात. यापेक्षा जास्त कुणी मागणार नाही.

असली कामं खूप मोठ्या लोकांनी आयुष्यभर केली आहेत. अमेरिकेत लोवेल वेधशाळेच्या ब्रायन स्किफनं जुन्या काचा आणि जुने लेख चाळून कितीतरी व्हेरिएबलच्या जागा नीट केल्या, मॉस्कोत समूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीव्हीएसमधल्या जागा वर्षानुवर्षं एकेक करून सुधारल्या. बुडापेस्टच्या कोंकोली वेधशाळेचं आयबीव्हीएस नावाचं पत्रक होतं, १९६१ ला सुरू झालं, २०१९ ला बंद पडलं, त्यात असल्या दुरुस्त्यांची छोटी छोटी पानं भरपूर आहेत. वाचून बघ, एकेका ओळीमागं आठवड्यांचं काम आहे.

आणि आपल्याकडचं पण लक्षात ठेवा. मद्रास वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली आर रेटिक्युली बदलतो हे ओळखलं, क्रांती उणे ६३, आपल्या सांगलीतून बघायचा म्हटलं तर दक्षिण क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर येतो. त्याच वेधशाळेत पॉगसननं १८६३ ला यू स्कॉर्पाय हा अचानक पेटणारा तारा बघितला, तो २०२२ मध्ये परत पेटला. दीडशे वर्षांनी तोच तारा म्हणून सांगता आला कारण जागा नीट लिहिलेली होती.

पसरणी घाट:
मी कालपासून हा धागा दोनदा वाचला. एक विचारू का, आता गाया एवढं अचूक आहे तर निदान इथून पुढं तरी जागा चुकायचं संपलं ना?

यवतेश्वर:
@पसरणी घाट, मोजमाप संपलं म्हणायला हरकत नाही, घोळ नाही संपला. गायाच्या तिसऱ्या डेटातली जागा २०१६ सालच्या क्षणाची आहे, आणि यादीत आपण लिहितो २००० ची. बहुतेक ताऱ्यांना फरक पडत नाही. पण यूव्ही सेटी घे, भडकणारा लाल बटू, स्वतःच्या गतीनं वर्षाला ३.४ विकला पळतो. सोळा वर्षांत ५४ विकला! गायाची जागा तशीच उचलून २००० म्हणून लिहिली तर जवळजवळ एक कला चुकली. आणि १९५० ची जागा नुसतं संपातचलन लावून २००० ला आणली, ताऱ्याची स्वतःची गती विसरली, तर तीन कलांच्या जवळ. इथं तारा खरोखरच सरकतो, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर.

व्हिझियर या ताऱ्यांच्या याद्यांच्या संकेतस्थळावर गायाच्या टेबलात २००० ला आणलेली जागा वेगळ्या रकान्यात तयार मिळते, ती घ्यायची.

गणेशदुर्ग:
अजून एक भर, क्रांतिवृत्ताजवळच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वाटेजवळच्या, एनएसव्ही ताऱ्यांबद्दल. ठिपका एकाच काचेवर दिसला आणि परत कधीच नाही, असं असेल तर त्या रात्री तिथून एखादा लघुग्रह जात होता का हे तपासून घ्या. मी अशा तीन नोंदी तपासल्या, एकीत लघुग्रह बरोबर त्या जागी मिळाला. तिथं तारा शोधत बसणं म्हणजे स्टँडवरून सुटलेली एसटी परत त्याच फलाटावर शोधणं.

मिरजेची सतार:
उरलेल्या दहा ताऱ्यांच्या पण जागा मी यादीशी लावून बघितल्या, आकडे समोर आलेच होते म्हणून. नऊ बरोबर आहेत. दहाव्याच्या विषुवांशात मला एक मिनिटाचा फरक दिसतोय, पण तिथं छपाई पुसट आहे, ७ की १ ते सांगता येत नाही. कुणाला बघायचा असेल तर पान पाठवते.

हरिपूर संगम:
ताई मला पाठवा, मी बघतो, तोही धनूतलाच असेल तर कदाचित माझ्याच फोटोत असेल.

व्हीएसएक्सवर, म्हणजे व्हेरिएबलच्या ऑनलाइन यादीवर, दुरुस्ती काल रात्री पाठवली. जुन्या नोंदीची जागा बदलावी आणि असास-एसएनची नोंद तिला जोडावी, दोन्ही नावं एका ताऱ्याखाली यावीत, असं मागितलंय. शेऱ्यात मूळ कागदातली क्रांती, ३४ कुठून आलं, हार्वर्डच्या दोन तारखा, सगळं लिहिलं. ते लोक तपासतील मग ठरेल. कागद वाचणाऱ्याचं नाव शेऱ्यात टाकायचंय, ताई तुम्हाला चालणार असेल तर निरोपात सांगा, आणि दंडोबा काका तुम्हीपण.

माझ्या हिशोबानं तारा आता परत चढायला लागलाय, पावसाळ्याआधी त्याच्या सात-आठ रात्री मिळाल्या तर नवीन आलेखाला आपले ठिपके जोडता येतील. वळवाचे ढग दुपारी येतायत पण पहाटे उघडतं. येत्या शनिवारी जतला जातोय, रात्री अकराला विश्रामबागेतून निघायचं, गाडीत दोन जागा आहेत.

गटनंबर:
एक जागा माझी धरा. विट्याहून संध्याकाळच्या गाडीनं येतो. नातवालाही आणू का?

हरिपूर संगम:
आणा की काका. स्वेटर घ्या दोघं, जतला दिवसा कितीही तापलं तरी पहाटे रानात गार असतं.